दलदलीतील ज्योत शोधणारा श्रद्धावंत : आलेस्सांद्रो व्होल्टा

विजेच्या बॅटरीचे जनक म्हणून आलेस्सांद्रो व्होल्टा यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. विजेचा दाब ज्या एककात मोजतात त्या ‘व्होल्ट’ला १८८१ साली त्यांचेच नाव देण्यात आले. परंतु बॅटरी तयार करण्याच्या तेवीस वर्षे आधी याच माणसाने एका सरोवराच्या काठी चिखल ढवळून एक वायू बाटलीत धरला होता, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. तो वायू म्हणजे मिथेन. आज मुंबई-ठाणे परिसरात नळाने घरोघरी येणारा स्वयंपाकाचा गॅस, रिक्षात भरला जाणारा सीएनजी आणि खेड्यापाड्यांतील गोबर गॅस या सर्वांचा मुख्य घटक तोच आहे. आपल्या चुलीतील निळ्या ज्योतीशी ज्यांचा इतका निकटचा संबंध आहे आणि जे अखेरपर्यंत साधेसुधे, धर्मनिष्ठ कॅथलिक राहिले, अशा या शास्त्रज्ञाच्या जीवनाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण आणि शिक्षण

व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीतील कोमो या गावी झाला. घराणे प्रतिष्ठित होते, पण पैशाची सुबत्ता नव्हती. वडील फिलिप्पो यांनी तरुणपणी काही वर्षे येशूसंघात घालवली होती. काका धर्मगुरू होते आणि भावंडांपैकीही अनेकांनी पुढे धर्मजीवनाचा मार्ग स्वीकारला. आलेस्सांद्रो मात्र चार वर्षांचे होईपर्यंत बोलू लागले नव्हते, त्यामुळे हा मुलगा मंदबुद्धीचा निघणार अशी घरच्यांची समजूत झाली होती, असे सांगतात. ते सुमारे सात वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. त्यानंतर काकांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला.

कोमो येथील येशूसंघीयांच्या शाळेत त्यांची बुद्धी चमकू लागली. हा मुलगा आपल्या संघात यावा असे त्यांच्या गुरुजनांना वाटत होते, तर त्याने वकील व्हावे असे काकांच्या मनात होते. व्होल्टा यांनी यांपैकी कोणताच मार्ग धरला नाही. निसर्गातील घडामोडींचे, विशेषतः विजेचे त्यांना वेड लागले होते. जुलिओ चेझारे गात्तोनी हे त्यांचे मित्र पुढे कॅनन झाले. त्यांच्याकडे उपकरणे होती व प्रयोगांसाठी जागाही होती, आणि तेथेच व्होल्टा यांचे आरंभीचे प्रयोग झाले. विद्यापीठाची पदवी नसतानाही या तरुणाने केवळ वाचन, पत्रव्यवहार आणि प्रयोग यांच्या बळावर नाव मिळवले. १७७४ साली कोमोच्या शासकीय शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला आणि पुढच्याच वर्षी ते तेथे प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

माज्जोरे सरोवराच्या काठी

त्या काळी हवेचे निरनिराळे प्रकार शोधून काढण्याची मोठी धडपड युरोपभर चालू होती. धातूवर आम्ल टाकले की एक पेट घेणारा वायू निघतो, हे इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ साली दाखवून दिले होते. त्यालाच आज आपण हायड्रोजन म्हणतो. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी न्यू जर्सी प्रांतात काही उथळ पाण्यावर ज्योत पेटते, अशी हकिगत कळवली होती. खुद्द इटलीतही व्होल्टा यांचे स्नेही पाद्री कार्लो ज्युझेप्पे कांपी यांना एका झऱ्यातून पेट घेणारी हवा निघताना आढळली होती. या बातम्यांनी व्होल्टा यांचे कुतूहल चाळवले. जे एका झऱ्यात सापडते ते इतरत्रही असेल काय, असा विचार करीत ते साचलेल्या पाण्याकडे बारकाईने पाहू लागले.

नोव्हेंबर १७७६ च्या आरंभी ते माज्जोरे सरोवराच्या काठी आंजेरा गावाजवळ होते. काठावर लव्हाळ्यांची दाटी होती आणि तळाशी कुजलेल्या पाल्याचा चिखल साचलेला होता. व्होल्टा यांनी काठीने तो चिखल ढवळला तेव्हा भराभर बुडबुडे वर आले. पाण्याने भरलेली बाटली उपडी धरून त्यांनी ते बुडबुडे तिच्यात गोळा केले आणि मग बाटलीच्या तोंडाशी ज्योत नेली. आतील वायू पेटला, पण धातूपासून मिळणाऱ्या वायूसारखा फटकन उडाला नाही. सुंदर निळसर ज्योत करून तो सावकाश जळत राहिला.

हा फरक व्होल्टा यांच्या नजरेतून सुटला नाही. ज्योत वेगळी, जळण्याची चाल वेगळी, म्हणजे वायूही वेगळा असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. १४ नोव्हेंबरला त्यांनी कांपी यांना पहिले पत्र लिहिले. जानेवारी १७७७ पर्यंत अशी सात पत्रे झाली आणि दलदलीत उत्पन्न होणाऱ्या ज्वलनशील हवेविषयीची ती पत्रे त्याच वर्षी मिलान येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हा वायू खनिजांपासून नव्हे, तर कुजणाऱ्या वनस्पतींपासून व प्राण्यांच्या अवशेषांपासून निर्माण होतो, हे व्होल्टा यांनी ओळखले. गोबर गॅसच्या टाकीत आज नेमके हेच घडते. हवेचा शिरकाव नसलेल्या जागी सूक्ष्म जीवजंतू शेण आणि काडीकचरा कुजवतात व त्यातून मिथेन बाहेर पडतो. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून असाच वायू काढून त्यावर दिवे लावले जात.

ज्योतीचे माप

केवळ एक नवा वायू सापडला म्हणून व्होल्टा थांबले नाहीत. तो किती हवेत जळतो, हे त्यांना मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी एक नामी युक्ती योजली. बंद भांड्यात वायू व हवा ठरावीक प्रमाणात भरायची आणि आतमध्ये विजेची ठिणगी पाडायची. ‘विजेचे पिस्तूल’ म्हणून हे उपकरण प्रसिद्ध झाले. ठिणगी पडताच आतील मिश्रणाचा भडका उडे आणि तोंडाचे बूच दूर फेकले जाई. याच उपकरणाला काचेच्या मोजपट्टीच्या नळीची जोड देऊन त्यांनी वायू मोजण्याचे साधन तयार केले. मोटारीच्या इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पेट्रोलची वाफ पेटवते आणि आपण गॅसच्या शेगडीला लायटर लावतो, त्यामागे हीच कल्पना आहे. कोमोपासून मिलानपर्यंत तार टाकून, कोमोत पाडलेल्या ठिणगीने मिलानचे पिस्तूल उडवता येईल, असाही विचार त्यांनी १७७७ साली मांडला होता. तारायंत्र तेव्हा अद्याप फार दूर होते.

या प्रयोगांतून व्होल्टा यांना एक महत्त्वाची गोष्ट कळून आली. दलदलीच्या वायूला पूर्ण जळण्यासाठी धातूच्या वायूपेक्षा कितीतरी अधिक हवा लागते. हवा थोडी असेल तर तो धड पेटत नाही, फार असेल तरीही पेटत नाही, आणि प्रमाण जुळले की त्याचा स्फोट होतो. अर्थात आग ही एकट्या वायूत नसते. ती वायू आणि हवा यांच्या प्रमाणात असते.

असे का होते, हे मात्र व्होल्टा यांना तेव्हा ठाऊक नव्हते. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे एक द्रव्य असते व जळताना ते बाहेर पडते, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत आणि व्होल्टा यांचाही त्यावर विश्वास होता. पुढे फ्रान्समधील लाव्हाझिए यांनी दाखवून दिले की जळणे म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग होणे. त्याबरोबर फ्लॉजिस्टनची कल्पना लयास गेली. व्होल्टा यांनी घेतलेली मापे मात्र टिकून राहिली, कारण ती प्रामाणिकपणे घेतलेली होती.

आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत हे असे सांगता येईल. मिथेनच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. केवळ कार्बन व हायड्रोजन यांनी बनलेल्या अशा पदार्थांना हायड्रोकार्बन म्हणतात आणि मिथेन हा त्यांतील सर्वांत साधा, जणू या कुळाचा मूळपुरुष. कार्बनचे अणू साखळीसारखे जोडले जातात व कुळ वाढत जाते. दोन कार्बनचा इथेन, तीनांचा प्रोपेन, चारांचा ब्युटेन. आपल्या सिलिंडरमधील गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण होय. साखळी लांबत गेली की वायूऐवजी द्रव मिळतो, म्हणजे पेट्रोल, रॉकेल, डिझेल. ती वीस-पंचवीस कार्बनपर्यंत पोहोचली की पॅराफिनचे मेण होते.

हे सारे पदार्थ पूर्णपणे जळले तर शेवटी दोनच गोष्टी उरतात. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी होते. मिथेनच्या एका रेणूला प्राणवायूचे दोन रेणू लागतात. हवेत प्राणवायू सुमारे एकपंचमांशच असतो, म्हणून एक माप मिथेनला जवळजवळ दहा मापे हवा लागते. हायड्रोजनला अडीच मापांहूनही कमी हवा पुरते. व्होल्टा यांना जो फरक दिसला होता तो हाच. प्रोपेनला तर सुमारे चोवीस मापे हवा हवी. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असेल तरच ते मिश्रण पेट घेते.

मेणबत्तीतही हाच खेळ चालतो. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. ज्योतीच्या मधल्या भागात हवा पुरेशी पोहोचत नाही, म्हणून तेथे कार्बनचे बारीक कण सुटे होतात व तापून पिवळे चमकतात. वेदीवरील मेणबत्तीचा सोनेरी प्रकाश म्हणजे हे तापलेले कणच होत. काच किंवा बशी ज्योतीवर धरली की तेच कण काजळी होऊन बसतात.

मेणबत्तीची पिवळी ज्योत शोभून दिसते, पण शेगडीची ज्योत पिवळी दिसू लागली तर ती धोक्याची सूचना समजावी. बर्नरला पुरेशी हवा मिळत नाही, असा तिचा अर्थ होतो. अपुऱ्या हवेत कार्बनचा पूर्ण संयोग होत नाही व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून स्नान करणाऱ्यांचा जीव जातो तो यामुळेच. आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नळाने येणारा मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो, तर सिलिंडरचा गॅस जड असल्याने जमिनीलगत साचतो. दोन्हींना मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास आला की दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटनाला हात लावू नये. एवढीशी ठिणगी काय करू शकते, हे व्होल्टा यांच्या पिस्तुलाने केव्हाच दाखवून दिले आहे.

जमिनीतून निघणारा अग्नी

१७७८ साली व्होल्टा यांची पाव्हिया विद्यापीठात नेमणूक झाली व पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांचे नाव त्या विद्यापीठाशी जोडलेले राहिले. दलदलीच्या वायूचा विषय त्यांनी सोडला नव्हता. आपेनिन पर्वतातील पिएत्रामाला येथे जमिनीतून सतत ज्वाळा निघत असत. ते स्थळ त्यांनी १७८० साली स्वतः जाऊन पाहिले. जमिनीत काही गूढ अग्नी नाही, दलदलीत सापडतो तसाच वायू भेगांतून वर येऊन जळत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पुढे त्यावर निबंध लिहिला. रात्री दलदलीवर भटकणाऱ्या, वाटसरूंना भिवविणाऱ्या उजेडाचे कारणही हाच वायू असावा, असे त्यांचे मत होते. आपल्याकडे ज्याला चकवा म्हणतात त्यासारख्याच समजुती त्या प्रदेशातही होत्या. लोकांच्या मनातील भय त्यांनी हसण्यावारी नेले नाही. त्यामागील नैसर्गिक कारण शोधण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

विजेचा स्तंभ आणि कीर्ती

यानंतरची कथा सर्वश्रुत असल्याने आम्ही ती थोडक्यात सांगतो. बोलोन्याचे लुइजी गाल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायांना धातू लावताच ते आखडतात असे दाखवले आणि ही प्राण्याच्या अंगातील वीज आहे असे मत मांडले. व्होल्टा यांना ते पटले नाही. वीज दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून येते, असे त्यांचे म्हणणे होते. गाल्व्हानी हेही निष्ठावंत कॅथलिक होते. दोघांत मतभेद तीव्र होता, तरी व्होल्टा यांनी त्यांच्या शोधाचा गौरवच केला. या वादातूनच जस्त व चांदीच्या चकत्या आणि खारट पाण्यात भिजवलेली पुठ्ठ्याची तुकडी एकावर एक रचून त्यांनी विजेचा स्तंभ उभा केला. २० मार्च १८०० च्या पत्राने त्यांनी तो शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला. १८०१ साली पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर त्यांनी प्रयोग करून दाखवले. सुवर्णपदक, सरदारकी, सिनेटचे सदस्यत्व असे मान एकामागून एक चालून आले.

जून १८१४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही मिलानला आले असता व्होल्टा त्यांना भेटले. डेव्हींबरोबर मायकेल फॅरडे नावाचा बावीस वर्षांचा मदतनीस होता. या भेटीकडे मागे वळून पाहताना आम्हांस तिचे विशेष वाटते. त्यापूर्वी दोनच वर्षे, २५ मे १८१२ रोजी, इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले प्राणास मुकली होती. त्यांचा घात करणारा खाणीतील वायू म्हणजे मुख्यतः व्होल्टा यांचा तोच दलदलीचा वायू. खाणकामगारांच्या उघड्या दिव्याने तो पेट घेई. भेटीनंतर पुढच्याच वर्षी, १८१५ साली, डेव्ही यांनी त्या वायूचे व हवेचे प्रमाण तपासले आणि ज्योतीभोवती बारीक जाळी बसवलेला सुरक्षा-दिवा तयार केला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाहेरचा वायू पेटत नाही. तो तरुण मदतनीस फॅरडे याने १८२५ साली बेंझिन हा हायड्रोकार्बन शोधला आणि पुढे मेणबत्तीच्या ज्योतीवर मुलांसाठी दिलेली त्याची व्याख्याने जगप्रसिद्ध झाली. एका सरोवराच्या काठी ढवळलेल्या चिखलाचे माप असे पिढ्यांपिढ्यांच्या कामी आले.

श्रद्धेची कसोटी

व्होल्टा यांनी १७९४ साली तेरेसा पेरेग्रीनी यांच्याशी विवाह केला. त्यांना तीन मुलगे झाले. १८१४ साली फ्लामिनिओ हा मुलगा ऐन तारुण्यात वारला. हा घाव त्यांना फार खोल लागला. मानसन्मानांनी घर भरलेले असताना ते आतून रिकामे होणे म्हणजे काय, हे त्या वर्षी त्यांनी अनुभवले.

पाठोपाठ १८१५ च्या जानेवारीत त्यांच्या श्रद्धेविषयी त्यांना साक्ष द्यावी लागली. कॅनन चिचेरी हे एका आजारी माणसाला धीर देत होते. धर्म हा अडाण्यांसाठी असतो, असे त्या रुग्णाचे म्हणणे पडले. चिचेरी यांनी व्होल्टा यांचे उदाहरण दिले, तेव्हा ते केवळ रूढी म्हणून मिस्साला जात असतील अशी शंका त्याने घेतली, असे सांगतात. हे कळल्यावर व्होल्टा यांनी आपली श्रद्धा लेखी मांडली. आपण कॅथलिक धर्म खरा मानतो, त्याबद्दल देवाचे आभार मानतो, त्याची शिकवण आपण अभ्यासून, विरोधी लेखन वाचून व विचार करून स्वीकारली आहे, आणि शुभवर्तमानाची आपल्याला लाज वाटत नाही, असा त्या लेखाचा आशय होता. जो माणूस बाटलीतल्या हवेचे मापही तपासल्याशिवाय मान्य करीत नसे, त्याने श्रद्धेविषयीही तपासून पाहिल्याचे सांगावे, यात त्याच्या स्वभावाची एकवाक्यता दिसते.

त्यांनी श्रद्धेचा कधी गाजावाजा केला नाही. कोमोमध्ये असताना ते सान दोन्नीनो या आपल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये नित्य मिस्साला जात आणि तेथील मुलांना धर्मशिक्षण देत. नेपोलियनसमोर प्रयोग करणाऱ्या हातांनी लहान मुलांचे बोट धरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१८१९ साली ते निवृत्त झाले आणि कोमो व जवळचे काम्नागो येथे शांतपणे राहू लागले. ५ मार्च १८२७ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. काम्नागो येथे त्यांची समाधी आहे. १८९९ साली कोमोत विजेच्या स्तंभाच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या प्रदर्शनाला आग लागून त्यांची बरीच उपकरणे भस्मसात झाली. जे वाचले व जे नव्याने घडवले गेले ते आज कोमो सरोवराच्या काठी त्यांच्या स्मारकमंदिरात पाहावयास मिळते.

आपणांसाठी बोध

दलदलीचा चिखल कोणालाही नकोसा वाटतो. व्होल्टा यांनी तो ढवळला, त्यातून निघालेले बुडबुडे टाकून न देता मोजले, आणि आपल्या हाती एक दिवा दिला. तोच वायू आज दुहेरी रूपाने आपल्यासमोर उभा आहे. घरातील चूल तो पेटवतो आणि आपण बेफिकिरीने साचवलेल्या कचऱ्याच्या डोंगरांतून निसटून पृथ्वीला तापवतोही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वी तापवणाऱ्या वायूंत मिथेनचा उल्लेख केला आहे. ओला कचरा वेगळा करून खत वा गोबर गॅससाठी वापरणे, शेगडीची ज्योत निळी ठेवणे, गिझरच्या खोलीत हवा खेळती ठेवणे, गॅसची नळी वेळेवर बदलणे ही कामे लहान दिसतात, पण त्यांवर आपल्या व शेजाऱ्यांच्या घरातील माणसांचे जीव अवलंबून असतात.

उद्या सकाळी चहासाठी शेगडी पेटवताना आपण क्षणभर त्या निळ्या ज्योतीकडे पाहावे. तिच्यात निर्मात्याने घालून दिलेले माप आहे आणि ते माप धीराने शोधणाऱ्या एका श्रद्धावंताचे कष्टही आहेत. त्या दोहोंची आठवण आमच्या वाचकांनी ठेवावी, एवढीच आमची विनंती.